बत्तीस कंबर

माझ्या भावोजींनी जन्मभर एकच गोष्ट मिरवली, ती म्हणजे स्वतःची कंबर. कुणी घर मिरवतं, कुणी पोरांचे मार्क मिरवतं. यांचं काय, तर लग्नात बत्तीस इंच होती, आजही बत्तीस आहे. हे सांगायला त्यांना जागा-वेळ काही लागत नसे. मयताला गेले तरी दहा मिनिटं गप्प बसत आणि अकराव्या मिनिटाला शेजारच्या माणसाच्या पोटाकडे बघून हळूच विचारत, "किती हो तुमची?"

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये कामाला, रक्त तपासायच्या. ते आत, मी बाहेर. ते रक्त काढतात आणि मशीनवर चालवतात. मी काउंटरला बसून नावं लिहिते, नळ्यांना लेबलं चिकटवते आणि रिपोर्टची पाकिटं हातात देते. त्यांचा हात मात्र खरंच हलका. सुई आत जाऊन बाहेर आली तरी माणूस डोळे मिटून विचारत असतो, झालं का म्हणून. एवढं एक मी त्यांना देते. बाकी जीभ म्हणाल तर ती सुईहून लांब.

रिपोर्टवर काय लिहायचं ते डॉक्टर लिहितात. पण भावोजी पाकिटात स्वतःची एक चिठ्ठी सरकवत, लाल शाईत. 'साखर एकशे चाळीस. चहा पिता की पाक?' 'घरी जिना आहे ना? मग तो वापरा.' एका बाईला लिहिलं होतं, 'तुमचं रक्त उत्तम आहे, उगाच येऊ नका, आम्हाला काम आहे.' मी कितीदा ओरडले की हे आपलं काम नाही. पण लोक असे की रिपोर्ट हरवतील आणि चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवतील.

लॅबमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'नॉर्मल' म्हणत. बावीस वर्षांपूर्वी लॅब एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. मशीन सकाळी सुरू केलं की ते खरं बोलतंय का हे बघायला आधी एक ओळखीचं रक्त घालावं लागतं, ज्याचे आकडे ठाऊक आहेत असं. आता ते बाटलीत विकत मिळतं. तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांनी लॅबमधल्या सगळ्यांचं रक्त तपासलं आणि नुकत्याच लागलेल्या या माणसाच्या नळीवर बोट ठेवलं. "याचं सगळं कसं मधोमध आहे. हा आपला नॉर्मल." झालं. महिन्यातून एकदा भावोजींचं रक्त काढायचं, वरचं पिवळं पाणी छोट्या नळ्यांत भरून गोठवायचं आणि रोज सकाळी त्यातली एक नळी मशीनला पाजायची. सगळ्या गावाची साखर यांच्या साखरेवरून ठरायची.

आठ वर्षांनी बाटल्या आल्या आणि त्यांचं रक्त घेणं बंद झालं. नाव मात्र चिकटून राहिलं. आणि नावच नॉर्मल असल्यावर तपासायचं कशाला? दिवसाला चाळीस जणांचं रक्त काढणाऱ्या या माणसाने चौदा वर्षं स्वतःचा एक थेंब काढला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी रोज आठ तास बघत होते.

आता कंबरेचं सांगते. ते सांगायचं नाही अशी ताईने मला शपथ घातली होती, पण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ताई शिवणकाम करते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला कापडांचे तागे, आणि खणात मापांच्या वह्या, एकेका गिऱ्हाइकाचं एकेक पान. लग्नानंतर तिने यांची पहिली पँट शिवली तेव्हा यांचंही पान उघडलं आणि कंबरेपुढे शाईने लिहिलं, बत्तीस. चारेक वर्षांनी एका सकाळी यांची गुंडी लागेना. बराच वेळ झटापट करून हे म्हणाले, "धुऊन आटली वाटतं."

ताई म्हणाली, "आटली असेल. ठेवा, बघते."

एवढंच बोलणं. हे दुसरी पँट घालून लॅबमध्ये गेले, आणि ताईने मागची शिवण उसवली, आत राखून ठेवलेल्या कापडातून अर्धा इंच सोडलं, पुन्हा शिवून इस्त्री फिरवली आणि पँट जागच्या जागी ठेवली. संध्याकाळी ती यांना बसली. "बघ," हे म्हणाले, "वाळल्यावर पुन्हा मापात येते." पुढचं सगळं याच पद्धतीने. जुनी उसवायची, नवी कापताना आधीच अर्धा इंच वाढवायची, पट्टीत आतून इलॅस्टिक घालायचं. वहीत शाईचं बत्तीस तसंच. पण कुठेतरी खरं लिहायला हवं, नाही तर पुढची पँट कापणार कशी? म्हणून पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने बारीक आकडे, तारखेसकट.

एकदा हे महाशय हौसेने तयार पँट घ्यायला गेले. बत्तीसची मागितली. ती मांडीच्या वर सरकेना. दुसरा कुणी असता तर शरमून चौतीसची मागितली असती. यांनी दुकानदारालाच फैलावर घेतलं. "तुमची मापं चुकलेली आहेत. आमच्याकडे मशीन रोज सकाळी तपासतात. तुम्ही टेप कधी तपासली होती?" दुकानदाराने खरोखर टेप बदलली म्हणे. तेव्हापासून तयार कपडा अंगाला लावायचा नाही, हे ठरलं. बाहेरची मापं खोटी, घरचं माप खरं.

मी एकदा दुपारी अचानक गेले आणि ताईला उसवताना पकडलं. वहीही उघडीच होती. चौतीस झाले होते तोवर. मी म्हटलं, "अगं, तू वेडी आहेस का? सांग ना त्यांना."

तिने दोरा दातांनी तोडला. "ते पाच भाऊ. चौघे दणकट, आणि हे मेले लहानपणापासून किडकिडीत. घरात सगळे यांना 'अर्धा' म्हणायचे. काही केलं तरी कमीच पडायचं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नॉर्मल म्हटलं ना, त्या दिवशी घरी येऊन हा माणूस माझ्यासमोर रडला. म्हणाला, मी बरोबर आहे गं, मशीनने सांगितलंय. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

माझेही डोळे भरून आले. केवढा जीव आहे हिचा नवऱ्यावर, असं वाटलं. आज वाटतं, तेव्हाच तिच्या हातातली कात्री काढून घ्यायला हवी होती.

तर अशी बावीस वर्षं गेली. आणि मागच्या वर्षी आमच्या लॅबमध्ये डॉक्टरीणबाई आल्या.

या हृदयाच्या डॉक्टर. शांत बाई, आवाज कधी चढणार नाही. त्यांना एक अभ्यास करायचा होता. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. वाढलेली कंबर, चढलेला रक्तदाब, उपाशीपोटी जास्त साखर, रक्तात जास्त चरबी आणि कमी पडलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी कुठलीही तीन एका माणसात जमली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकेकटं घेतलं तर कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. थोडी साखर आहे, थोडं प्रेशर आहे, असं म्हणतात आणि सोडून देतात. "पण अशा माणसाला काहीही जाणवायच्या आधी हृदय बदलायला लागतं का, आणि ते रक्तात आधी दिसतं का, एवढंच मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

त्यासाठी शंभर माणसं हवी होती. पन्नास हा सिंड्रोम असलेली आणि तुलनेला पन्नास ठणठणीत. आजारी पन्नास एका आठवड्यात मिळाली. ठणठणीत गोळा करताना आमच्या नाकी नऊ आले. भावोजी छाती पुढे काढून उभे राहिले. "ठणठणीत हवाय ना? मी आहे की. बावीस वर्षांची गॅरंटी."

प्रत्येकाचं वजन, कंबर, रक्तदाब एक नवी नर्स घ्यायची. तिला सुई धरायला भावोजींनीच शिकवलं होतं, शिकवलं म्हणजे काय, दोन महिने छळलं होतं. ती टेप घेऊन आली तर हे म्हणाले, "मला टेप? बत्तीस इंच. एक्क्याऐंशी सेंटीमीटर लिहा." तिने रक्तदाबाचा पट्टा काढला. "एकशे वीस, ऐंशी. माझं तेवढंच असतं." तिने मुकाट्याने लिहिलं. गुरूपुढे काय बोलणार बिचारी. फक्त रक्त आणि हृदय या दोन गोष्टी तोंडी सांगता येत नाहीत, म्हणून ती तेवढी घ्यावी लागली. नर्सने रक्त काढलं आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी छातीवर जेल लावून इको केला, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र घेतलं.

वरच्या मजल्यावर जाताना भावोजी मधल्या वळणावर थांबले आणि भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचू लागले. हे त्यांचं हल्ली वाढलं होतं. जिना आला की मधे त्यांना काहीतरी वाचायचं असायचं. मीही म्हटलं, असेल वाचनाची आवड.

आता महत्त्वाचं. या अभ्यासात नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. कोण आजारी, कोण ठणठणीत, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, नाही तर तो मनाने आधीच ठरवतो. कुणाचा नंबर कुठला हे खुद्द त्या माणसालाही सांगायचं नाही. यादी एकच, ती माझ्या खणात, आणि किल्ली माझ्या कमरेला. शंभर जण पुरे होईपर्यंत नमुने गोठवून ठेवायचे आणि मग एकदम चालवायचे. इकोची चित्रंही डॉक्टरीणबाई नंतर नंबरावरूनच बघणार.

दोन महिन्यांनी शंभर भरले. भावोजींनी नळ्या बाहेर काढून वितळवल्या, ओळीने लावल्या आणि मला आत बोलावलं. "ये, गंमत बघ. मशीन लागतच नाही मला. नुसतं बघून सांगतो कोण कसा आहे ते." रक्तातलं वरचं पाणी स्वच्छ पिवळं असावं लागतं. ते एकेक नळी उजेडात धरून न्यायनिवाडा करू लागले. हा पास, हा काठावर, या बाई छान. मग एक नळी धरली आणि थांबले. पाणी दुधाळ होतं.

"हे रक्त आहे की दूध? उपाशीपोटीचं आहे म्हणे. बघ, धाकटे, सदतीस नंबर."

शंभर नंबर कुणाच्या लक्षात राहतात? पण घरच्या माणसाचा राहतो. ते लेबल मी माझ्या हाताने चिकटवलं होतं.

त्यांनी नळी मशीनमध्ये घातली आणि आकडे वाचायला लागले. "ट्रायग्लिसराइड चारशे बारा. असावं दीडशेच्या आत. चांगलं कोलेस्टेरॉल एकतीस. चाळीसच्या वर असावं. साखर एकशे अठरा. शरीरात आतून सूज असली की वाढणारं प्रथिन, तेही जास्त. आणि हृदयाच्या स्नायूला ताण बसला की रक्तात झिरपतं ते? वा. तेही बोलायला लागलंय." त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "हा माणूस मला माहीत आहे."

मी कसंबसं विचारलं, "कोण?"

"नावाने नाही गं. नमुना ओळखीचा आहे. हा गावभर अक्कल शिकवत फिरत असणार. स्वतःची तपासणी कधी करणार नाही. घरात कुणाची त्याला बोलायची टाप नसणार. आणि बायको. असल्यांना बायकाच लाडावून ठेवतात बघ. खाऊ घालतात, झाकून घेतात, आणि मग छातीत कळ आली की आमच्या नावाने रडतात."

"पुन्हा चालवून बघा," मी म्हटलं.

"मशीन सकाळीच तपासलंय मी. खोटं बोलत नाही ते." तरी त्यांनी पुन्हा चालवलं. तेच आकडे. "एवढं कशाला घाबरतेस? तुझा कोण लागतो?"

मी काय बोलणार? तोंडाला नियमाचं कुलूप, आणि त्याखाली ताईच्या शपथेचं. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

आठवड्याने डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. भावोजी, नर्स आणि मी, तिघांना बसवलं. "सदतीस नंबरचं काही जुळत नाही," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर कंबर एक्क्याऐंशी, रक्तदाब एकशे वीस. ठणठणीत. रक्त मात्र असं. म्हणून मला वाटलं की नळी बदलली गेली."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "लेबलं हिने लावलीत. तोंडाची फटकळ आहे, पण कामात चुकत नाही." सव्वीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही असल्या वेळी.

"मग इको बघितला," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "डाव्या बाजूची भिंत जाड झाली आहे. आकुंचन छान होतंय, पण दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडायला हवं, ते नीट पडत नाहीये. रक्त इथलं, इको माझ्याकडचा. दोन्हीकडे एकाच माणसाची चूक कशी होईल? म्हणजे रक्त बरोबर, हृदय बरोबर. चुकलंय ते माप."

भावोजी ताडकन नर्सकडे वळले. "माप तुम्ही घेतलंत की त्याने सांगितलं ते लिहिलंत?"

नर्सचं तोंड एवढंसं झालं. "एकदोघांनी सांगितलं, ते..."

"हेच. हेच मी शिकवलं का तुम्हाला? माणूस दोन बाबतीत हमखास खोटं बोलतो, वय आणि कंबर. समोर राजा असला तरी टेप लावायची."

नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही म्हणून बरं, नाही तर मला तिथेच हसू फुटलं असतं, की रडू, देव जाणे.

"त्यांना बोलावून घ्या," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "नाव मला नको. फक्त निरोप पोचवा. या आठवड्यात दाखवायला सांगा. अजून त्यांना काही होत नसेल, जिना चढताना थोडा दम लागत असेल, तेवढंच. आता सुरुवात केली तर हे तिथेच थांबवता येईल, थोडं मागेही आणता येईल. उशीर केला तर हृदय ताठ होत जाईल. मग जिना दूरच, अंथरुणात आडवं पडल्यावरही दम लागेल."

जिना म्हटल्यावर मला ते आग विझवायचं नळकांडं आठवलं. रिपोर्ट पाकिटात घालायला मी उठले, तोच भावोजी म्हणाले, "थांब. माझी चिठ्ठी." लाल पेन काढून त्यांनी नेहमीपेक्षा मोठी चिठ्ठी लिहिली, घडी घालून पाकिटात सरकवली आणि स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलं. "या माणसाला वाचवायचं हं, धाकटे," ते म्हणाले. खरं सांगते, त्यांच्या आवाजात खोट नव्हती.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. भावोजी मागे राहून मशीन धूत होते, मी थेट ताईकडे गेले. ती खाली मान घालून शिवत होती. मशीनवर यांचीच पँट. मी पाकीट तिच्यापुढे टाकलं. "ताई, वही काढ. आज त्यांना सांगायचं."

"काही सांगायचं नाही."

"मग मी सांगते."

"तू शपथ घेतली आहेस."

"घेतली असेल शपथ. माणूस राहिला तर शपथेला अर्थ." मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. "बावीस वर्षं तू त्यांची कंबर झाकलीस. आता छातीवर आलंय ते. हृदयावर आलंय."

तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. "हृदयाला काय झालंय? मला कळेल असं सांग."

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. भिंत जाड झालीय. ठोका पडतो, पण मधे सैल पडत नाही, म्हणून आत रक्त भरायला जागा पुरत नाही. ताई ऐकत होती. तिचा हात त्या पँटच्या मागच्या शिवणीवर होता, अर्धी उसवलेली. मग तिने सुई टाचण्यांच्या गादीत खुपसली, खण उघडला आणि वही काढून मांडीवर घेतली.

थोड्या वेळाने भावोजी आले. दारात उभे राहून त्यांनी आधी दम घेतला, मग चपला काढल्या. "अरे वा, मेहुणी आली आहे. चहा टाक गं." तेवढ्यात त्यांचं लक्ष पाकिटाकडे गेलं. "हे इथे कसं? सदतीस नंबरचं ना? अजून दिलं नाहीस?"

"द्यायलाच आले आहे," मी म्हटलं आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट केलं. स्वतः चिकटवलेली कड बघितली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. खुर्चीत बसून त्यांनी पाकीट फाडलं. वर चिठ्ठी होती. लाल शाईत, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

'महाशय, तुम्ही जगाला फसवा, रक्ताला फसवता येत नाही. कंबर खरी सांगा. आजपासून चालायला लागा, गोड बंद करा, डॉक्टरांकडे जा. आणि घरच्यांना विचारा. त्यांना सगळं आधीपासून माहीत असतं.'

"लेबल..." ते म्हणाले.

"लेबल बरोबर आहे, भावोजी. तुम्हीच सांगितलंत ना, मी चुकत नाही."

त्यांनी रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. आकडे त्यांना पाठ होतेच, पण आता ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते, नवीन वाचायला शिकल्यासारखे. मग मान वर करून त्यांनी ताईकडे बघितलं. "घरच्यांना माहीत असतं," ते म्हणाले. प्रश्न होता की काय, कळलं नाही.

ताईने वही त्यांच्यापुढे धरली. मधे शाईचं बत्तीस. कडेला पेन्सिलीची रांग. साडेबत्तीस, तेहतीस, साडेतेहतीस. बावीस वर्षांच्या तारखा. कुठे दोन वर्षं एकच आकडा, कुठे एका वर्षात दोनदा. त्यांनी बोट खालपर्यंत नेलं. साडेअडतीस.

"त्या दुकानदाराची टेप..." एवढं बोलून ते थांबले. मग आवाज चढला. "बावीस वर्षं तू मला मूर्ख बनवलंस? मी लोकांना चिठ्ठ्या लिहीत होतो. लोक माझ्यावर हसले असतील."

"कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नाही, तेवढं चांगलं शिवते मी," ताई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज ठाम होता. "तुम्हाला 'अर्धा' म्हणायचे ना सगळे, ते मला बघवायचं नाही. पँट सैल करता येत होती, म्हणून करत गेले. मला वाटलं, तेवढ्याने भागेल. पण छातीच्या आत माझा हात पोचत नाही हो. तिथली शिवण मला उसवता येत नाही."

भावोजी चिठ्ठीची घडी घालत राहिले, लहान, आणखी लहान. मग ते उभे राहिले, खोलीच्या मधोमध आले आणि गिऱ्हाईक उभं राहतं तसे दोन्ही हात बाजूला धरून उभे राहिले.

"घे," ते म्हणाले.

ताईने गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या कंबरेभोवती गुंडाळली. सवयीने त्यांनी श्वास आत ओढला. पोट आत गेलं, छाती फुगली, आणि टेप सैल पडली. ताईने आकडा वाचला नाही.

"सोडा," ती म्हणाली.

त्यांनी सोडला नाही. मान ताठ, गाल फुगलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. बावीस वर्षं धरलेला श्वास तो, असा एका शब्दाने थोडाच सुटणार.

"मी थांबते," ताई म्हणाली, आणि टेपची दोन टोकं चिमटीत धरून ती तशीच उभी राहिली.